अदृश्य होण्याआधी बसायला शिका

ही मार्गदर्शिका नवशिक्यांसाठी आहे. नवशिके म्हणजे ज्यांनी 'फॉलआउट ३' हा व्हिडिओ गेम नुकताच सुरू केला आहे, वॉल्ट १०१ या भूमिगत आश्रयस्थानाच्या दारातून बाहेर पडताना ज्यांचे डोळे उन्हाने दिपले आहेत आणि हातातल्या छोट्या पिस्तुलावर ज्यांचा अजून विश्वास आहे, असे लोक. साल २२७७. अमेरिकेची राजधानी आणि तिच्या आसपासचा मुलूख अणुयुद्धानंतर दोनशे वर्षं उजाड पडलेला. इथे तुम्हाला ओळखणारं कोणी नाही, दिसताक्षणी गोळी घालणारे मात्र पुष्कळ आहेत. तेव्हा आपण कोणाला दिसूच नये, असं वाटणं सुज्ञपणाचंच. त्यासाठीची वस्तू म्हणजे चिनी स्टेल्थ आर्मर. अंगाला घट्ट बसणारं काळं चिलखत, डोक्यापासून पायापर्यंत.

पूर्वतयारी म्हणून आधी खेळ हाताशी हवा. भारतातल्या वाचकांसाठी ही पायरी एके काळी सोपी नव्हती. ऑक्टोबर २००८ मध्ये खेळ जगभर आला, तेव्हा 'सांस्कृतिक संवेदनशीलता' असं कारण देऊन मायक्रोसॉफ्टने तो भारतात न आणण्याचा निर्णय जाहीर केला. नेमकं काय खटकलं ते सांगितलं नाही. लोकांनी तर्क केला तो दोन डोक्यांच्या गायींचा. या उजाड मुलखात त्या ओझी वाहतात आणि त्यांना म्हणतात 'ब्राह्मिन'. चिलखत तर जानेवारी २००९ मध्ये 'ऑपरेशन: अँकरेज' या जोडभागातून आलं. म्हणजे चिलखत यायच्या आधीच आपल्या दुकानांतून खेळ अदृश्य झाला होता.

चिलखत मिळवणे. ते बाजारात मिळत नाही. बेलीज क्रॉसरोड्स इथल्या पडक्या इमारतींखाली 'आउटकास्ट' म्हणवणाऱ्या सैनिकांची एक टोळी बसलेली आहे. त्यांच्यासमोर शस्त्रागाराचं बंद दार आहे आणि ते उघडायचं तर लष्कराचं एक जुनं सिम्युलेशन पूर्ण करावं लागतं. त्यासाठी मनगटावर पिप-बॉय हा छोटा संगणक लागतो, तो तुमच्याकडे आहे. तुमच्याआधी त्यांनी गॅरी नावाच्या माणसाचा पिप-बॉय वापरून पाहायचं ठरवलं होतं. तो मनगटावरून निघेना म्हणून गॅरीचा हातच कापला. नोकरीच्या मुलाखतीला जाताना आधीच्या उमेदवाराचं काय झालं याची चौकशी करावी, ती यासाठी.

सिम्युलेशनमध्ये तुम्हाला अलास्काच्या बर्फात उतरवतात. खेळाच्या इतिहासात चीनने २०६६ मध्ये अलास्कावर स्वारी केली आणि अमेरिकेने अँकरेज परत घेतलं ते जानेवारी २०७७ मध्ये. त्याच वर्षी २३ ऑक्टोबरला बॉम्ब पडले, म्हणजे विजयाचा आनंद वर्षभरही पुरला नाही. या बर्फात 'क्रिमझन ड्रॅगून' नावाचे चिनी सैनिक हेच चिलखत घालून फिरत असतात. त्यांच्याकडे नीट लक्ष द्या. हवा थरथरल्यासारखी होते आणि मग कुठूनतरी गोळी येते. नवशिक्याचं खरं शिक्षण इथेच होतं, कारण अदृश्य माणूस समोरच्याला कसा वाटतो हे आधी स्वतः सोसून कळतं.

बाहेर आलात की शस्त्रागार उघडतं. करार स्पष्ट असतो: काम करा, वाटा घ्या. पण बाहेरच्या माणसाला यातलं काही देणं टोळीतल्या सिब्लीला पटत नाही. तो आपल्याच वरिष्ठांवर उलटतो आणि गोळीबार सुरू होतो. तो शमला की चिलखत उचला. शेजारी भलंमोठं टी-५१बी पॉवर आर्मरही असेल. ज्यांना आपण आलो हे चार मैलांवर कळवायची हौस आहे त्यांनी ते घ्यावं.

आता मुख्य भाग: बसणे

चिलखत चढवून नवशिका मोठ्या ऐटीत भर रस्त्याने निघतो आणि पहिल्याच वळणावर गोळ्या खातो. कारण उभं असताना हे चिलखत म्हणजे नुसता काळा पोशाख. तुम्ही दबकून बसलात तरच त्यातलं यंत्र चालू होतं. उठलात की बंद. याला अपवाद नाही. अदृश्य होऊन छाती काढून चालण्याची सोय शास्त्रज्ञांनी ठेवलेली नाही. 'मिस्टर इंडिया' पाहिलेल्यांनी हे मुद्दाम ध्यानात घ्यावं. इथे लाल प्रकाशाची गरज नाही, नुसतं ताठ उभं राहिलात तरी पकडले जाल.

तेव्हा सारा मुलूख उकिडवं बसून, दबकत, मुंगीच्या पावलांनी ओलांडायची तयारी ठेवा. गुडघ्यांची काळजी नको, ते खेळातले आहेत. काळजी धीराची करा. पडक्या मेट्रोतून एका फलाटावरून दुसऱ्यावर जायला जो वेळ लागतो, त्यात घरातल्यांची जेवणं उरकतात.

दबकलात की पडद्यावर एक शब्द उमटतो. 'हिडन' म्हणजे कोणालाच पत्ता नाही. 'डिटेक्टेड' म्हणजे कोणीतरी पाहिलंय, पण तो वैरी नाही. भर बाजारात तुम्ही उकिडवे का बसलात एवढाच त्याचा प्रश्न आहे. 'कॉशन' म्हणजे वैऱ्याला संशय आलाय आणि तो शोधत फिरतोय. या वेळी नवशिका हमखास पळतो. पळू नका. जागच्या जागी थांबा, बऱ्याचदा तो कंटाळून परत जातो. 'डेंजर' दिसलं तर पुढचं वाचत बसू नका.

चिलखत घातल्याने लपण्याच्या कौशल्यात १५ गुणांची भर पडते. हे गुण माणसांना आणि जनावरांना फसवतात. सुरुंगांना डोळे नाहीत, त्यामुळे ते फसत नाहीत. 'माइनफील्ड' नावाच्या उजाड गावात हे चांगलं शिकता येतं. नाव वाचूनही माणसं तिथे जातात, त्याचं कारण पुढे येईलच. तिथे उंचावर आर्कान्सा नावाचा एक म्हातारा बंदूकबाज बसलेला असतो. त्याला तुम्ही दिसणार नाही. पायाखालच्या सुरुंगाला तुम्ही दिसण्याची गरजच नाही.

सोबत्यांविषयी. चिलखत एकच आहे आणि ते तुमच्या अंगावर आहे. डॉगमीट हा कुत्रा गुणी आहे, पण वैरी दिसला की तो धावतोच. फॉक्स हा हिरवा, अवाढव्य सुपर म्युटंट त्याहून गुणी. वाचनाची आवड असलेला, सभ्य बोलणारा, आणि हातात गॅटलिंग लेझर. तुम्ही श्वास रोखून भिंतीच्या सावलीत सरकत असता आणि मागून लाल किरणांची सरबत्ती सुरू होते. तुम्ही अजूनही अदृश्यच असता, हा भाग वेगळा.

चोरीविषयी

ज्यासाठी नवशिके खरं तर चिलखत घेतात त्या विषयाकडे येऊ. राक्षसांपासून बचाव वगैरे सगळं सांगायचं. अदृश्य झालेला माणूस पहिल्या प्रथम दुसऱ्याच्या घरात शिरतो. मेगाटन गावातल्या कोणाच्यातरी फडताळातली कॉफीची कपबशी, जळकं पुस्तक, रिकामी बाटली. यातल्या कशाचाही उपयोग नाही. तरी घेतो, कारण घेता येतं.

दुसऱ्याच्या वस्तूवर नजर नेली की तिचं नाव लाल अक्षरांत येतं. आसपास कोणी नाही, मालक झोपलेला, तुम्ही दबकलेले, पडद्यावर 'हिडन'. सगळं जमून आलेलं. वस्तू उचलता आणि कोपऱ्यात ओळ येते की तुमचं कर्म घटलं. हो, खेळात त्याला 'कर्म'च म्हणतात, आकड्यांत मोजतात, आणि पाहणारा कोणी नसला तरी वजा करतात. नवशिके इथे चिडतात. कोणी पाहिलं नाही तर हिशोब कोण ठेवतंय, असा त्यांचा सवाल. ज्यांच्या आज्या हे फुकट सांगत असत त्या वाचकांनी तरी तो विचारू नये.

या हिशोबाची वसुलीही होते. कर्म फार घसरलं की दुर्जनांना टिपणारे 'रेग्युलेटर' तुमच्या मागे लागतात. ते टाळावं म्हणून तहानलेल्यांना पाणी वाटत सुटलात तर सज्जनांची सुपारी घेणारे 'टॅलन कंपनी'चे भाडोत्री मारेकरी येतात. दोघांनाही तुमचा पत्ता बिनचूक सापडतो. त्यात गॅलेक्सी न्यूज रेडिओवरचा थ्री डॉग वॉल्ट १०१ मधून आलेल्या पोराने काल काय केलं ते साऱ्या मुलखाला ऐकवत असतो. म्हणजे अंगावर जगातलं सर्वोत्तम लपण्याचं साधन, आणि बातमी रेडिओवर. अनुभवी लोक चांगलं आणि वाईट आलटून पालटून करतात आणि कर्म शून्याच्या आसपास ठेवतात. मारेकऱ्यांना मधल्या माणसात रस नसतो. मला हा उपाय मनापासून आवडत नाही, पण चालतो.

पर्याय म्हणून 'स्टेल्थ बॉय' नावाची मनगटी डबी मिळते. ती काही वेळापुरती काम करते आणि संपते. उभ्यानेही चालते, म्हणून मोह होतो. तिच्या अतिवापराचं काय होतं ते 'न्यू वेगास' या २०१० च्या खेळात पाहा. नाइटकिन नावाचे निळसर म्युटंट वर्षानुवर्षं ती वापरून मनाने पार बिघडलेत, त्यांना कोणाची नजरच सोसत नाही. त्यांचा एक म्होरक्या, डेव्हिसन, एका ब्राह्मिनच्या कवटीचा सल्ला घेऊन एका रॉकेट-चाचणी केंद्राचं तळघर अडवून बसला आहे. त्याला हव्या असलेल्या डब्यांचा माल तिथे आहे अशी त्याची खात्री. माल तिथून कधीच परत गेलेला, कागदोपत्री नोंद आहे.

त्याच खेळाच्या २०११ मधल्या 'ओल्ड वर्ल्ड ब्लूज' या जोडभागात स्टेल्थ सूट मार्क टू आहे. तो अदृश्य करत नाही, पण बोलतो, आणि जखम झाली की न विचारता मेड-एक्सची सुई टोचतो. त्या औषधाचं व्यसन लागतं. लपण्याच्या पोशाखाला वाचा कोणी दिली असेल, हा प्रश्न तो बनवणाऱ्या बिग माउंटनच्या शास्त्रज्ञांना विचारून उपयोग नाही.

आता परीक्षा. मेगाटनमध्ये मोइरा ब्राउन नावाची दुकानदारीण अशाच एका मार्गदर्शिकेच्या मागे आहे. 'वेस्टलँड सर्व्हायव्हल गाइड' हे तिचं पुस्तक. प्रयोग तिच्या डोक्यातले, हाडं तुमची. सुरुंग आणायला माइनफील्डला पाठवणारी तीच. चिलखताच्या परीक्षेसाठी तिचं दुसरं काम घ्या: अँकरेज युद्धस्मारकाच्या तळघरात खेकड्यासारखे मायरलर्क अंडी घालून राहतात. तिथे शिरायचं, त्यांच्या अंड्यांमध्ये निरीक्षणाचं एक यंत्र ठेवायचं आणि जमलं तर एकालाही न मारता बाहेर यायचं. दबकून जा, भिंतीला धरून जा, 'कॉशन' आलं की थांबा. डॉगमीटला वरच थांबायला सांगा. फॉक्सलाही सांगा. तो 'हो' म्हणाला की त्याच्या बंदुकीचं तोंड कुठे आहे ते एकदा बघा, मग खाली उतरा.