ए साडेतीन

माणसाच्या दातांचे रंग सोळा, आणि त्यांतला एकही पांढरा नाही. हे ज्ञान मला दातांच्या दवाखान्यातल्या खुर्चीत आडवं पडल्यावर झालं. डॉक्टरीणबाई माझ्या पुतणीच्या वयाच्या. त्यांनी खणातून एक पट्टी काढली. तिच्यावर सोळा खोटे दात ओळीनं लावलेले होते. त्यातला एकेक त्या माझ्या दाताशेजारी धरून बघायला लागल्या, मॅचिंग सेंटरमध्ये बायका साडीशेजारी अस्तर धरून बघतात तसं.

“ही विटाची पट्टी,” त्या म्हणाल्या. विटा म्हटल्यावर मला आधी खानापूर तालुका आठवला. आपल्या शेजारच्या जिल्ह्यात दातांचाही धंदा निघाला म्हणून बरं वाटलं. पण ही विटा कंपनी जर्मनीतली निघाली. तिच्या हिशेबात ए म्हणजे तांबूस तपकिरी, बी म्हणजे तांबूस पिवळा, सी करडा आणि डी तांबूस करडा. आपल्या कवींनी पिढ्यानपिढ्या ज्यांना मोत्यांची आणि कुंदकळ्यांची उपमा दिली, त्या दातांची जर्मनांच्या दप्तरी नोंद ही अशी आहे.

“काका, तुमचा ए साडेतीन.”

कोल्हापूरच्या माणसाला साडेतीन हा आकडा कधी वाईट वाटत नाही. शक्तिपीठं साडेतीन, मुहूर्त साडेतीन. मी हात जोडायच्या बेतात होतो, तेवढ्यात त्यांनी खुलासा केला की उजळपणाच्या क्रमानं लावलं तर हा रंग सोळांत बारावा येतो. शाळेत माझा नंबर साधारण तिथंच असायचा, त्यामुळं धक्का असा बसला नाही.

मला या खुर्चीपर्यंत पोचवलं ते एका फोटोग्राफरनं. पुतण्याच्या लग्नात स्टेजवर उभं करून तो म्हणाला, “काका, तुम्ही तोंड मिटूनच हसा. भारदस्त दिसतंय.” मी भारदस्तवर खूश होतो. सौभाग्यवतींना मात्र त्यातली मेख तिथंच कळली. घरी आल्यावर उपायांची रांग लागली. शेजारच्या वहिनींनी लिंबू आणि मीठ सुचवलं. मेहुण्यानं कोळशाची काळी पेस्ट आणून दिली. आमच्या लहानपणी चुलीतला कोळसा कुटून राखुंडी करायचे, ती फुकट मिळायची आणि तिला गावंढळ म्हणायचे. आता ती ट्यूबमधून येते आणि तिच्यावर इंग्रजी लिहिलेलं असतं. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही उपाय ऐकून कपाळाला हात लावला. लिंबाचं आम्ल आणि कोळशाची घासणी, दोघं मिळून दाताचं वरचं कवच झिजवतात. ते झिजलं की दात आणखी पिवळा दिसतो. म्हणजे दात पांढरे करायच्या नादात आमची गाडी ए चारकडं निघाली होती.

त्यांनी पुढं जे सांगितलं, ते मी घरी दोनदा ऐकवलं. दाताचं वरचं कवच, म्हणजे इनॅमल, बरंचसं अर्धपारदर्शक असतं. त्याच्या आतला डेंटिनचा थर मुळातच पिवळसर. वय वाढतं तसं कवच पातळ होतं, आतला पिवळा थर जाड होतो आणि बाहेर डोकावू लागतो. तेव्हा माझ्या दातांतला निम्मा पिवळेपणा निसर्गाचा आहे. उरलेला निम्मा चहाचा, हे खरं. पण चहाला नावं ठेवायची आमच्या घरात पद्धत नाही.

ठरल्या दिवशी आधी स्केलिंग झालं. वरवरचे डाग तेवढ्यानंच गेले, आणि माझ्या मते तिथंच थांबायला हरकत नव्हती. पण माझं मत विचारात घ्यायच्या आत तोंडात रिट्रॅक्टर बसला. ही प्लॅस्टिकची एक कमान असते. ती ओठ चारी बाजूंनी मागं ओढून धरते. नुकताच फर्मास विनोद ऐकल्यासारखा आपला चेहरा होतो, आणि नेमक्या त्याच अवस्थेत आपल्याला खर्च सांगितला जातो. रक्कम इथं लिहीत नाही. घरी वेगळी सांगितली आहे.

मग हिरड्यांवर निळ्या लेपाचा बांध घातला आणि दातांवर जेल आलं. हायड्रोजन पेरॉक्साइड. गुडघा फुटला की ज्याचा फेस यायचा, ते हेच. फक्त जखमेवरचं ३ टक्क्यांचं असायचं, आणि इथलं ३५ ते ४० टक्क्यांच्या घरातलं. ते इनॅमलमधून आत शिरतं आणि रंग धरून बसलेल्या मोठ्या रेणूंचे तुकडे पाडतं. तुकडे झाले की रंग जातो. पंधरा पंधरा मिनिटांचे तीन हप्ते. वर निळा दिवा. या दिव्यानं फारसा फरक पडत नाही असं बऱ्याच अभ्यासांत दिसलं आहे, पण दिवा नसता तर दिलेल्या पैशांत काहीतरी कमी पडल्यासारखं वाटलं असतं, हेही तितकंच खरं.

पाऊण तास तोंड उघडं आणि बोलायची सोय नाही. असा योग आमच्या घराण्यात कुणाला आला नसेल. मग डोकं चालू लागतं. आमची आज्जी तव्यावर तंबाखू भाजून मिश्री करायची आणि उंबऱ्यात बसून ती दातांना लावायची. तिच्याही आधीच्या बायका दातवण लावून दात मुद्दाम काळे करायच्या. काळे दात हे सवाष्णीचं लेणं होतं. जपानातही तोच प्रकार. तिथल्या सम्राज्ञीनं १८७३ साली पांढरे दात घेऊन लोकांसमोर यायचं ठरवलं, तेव्हा कुठं काळ्या दातांची फॅशन उतरणीला लागली. उलट रोममध्ये कवी कॅटलसनं एग्नेशियस नावाच्या गृहस्थाची कवितेतून टर उडवली आहे. हा माणूस कुणाच्या अंत्यविधीलाही पांढरे दात दाखवत हसायचा, आणि दात चमकावे म्हणून ते मूत्रानं घासायचा. हे आठवलं आणि तोंडातल्या जेलविषयी एकदम आदर वाटू लागला.

तेवढ्यात पहिली कळ आली. ती कुठून येते सांगता येत नाही. खालच्या एका दातातून निघते, टाळूपर्यंत जाते आणि आपण तिच्याबद्दल तक्रार करेपर्यंत गायब होते. सेन्सिटिव्हिटी, एकदोन दिवसांत जाईल, असं त्या म्हणाल्या. गेलीसुद्धा.

खरी शिक्षा नंतर होती. “काका, अठ्ठेचाळीस तास रंग असलेलं काही खायचं नाही. चहा, कॉफी, बीट, सॉस आणि हळद.” शेवटचा शब्द ऐकून सौभाग्यवती खुर्चीतून अर्ध्या उठल्या. आमटीत हळद, भाजीत हळद, पोह्यांत हळद, लोणच्यात हळद. मराठी माणूस हळदीशिवाय जेवतो तो फक्त उपवासाला. तेव्हा आमच्या घरी दोन दिवस सलग एकादशी झाली. वरीचे तांदूळ, दही, साबुदाणा, केळं. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी कसला उपवास म्हणून विचारलं. आता काय सांगणार, म्हटलं, गणपतीचा. दातांच्या बाबतीत तेच एक दैवत जवळचं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मला एक वाट सुचली. पांढरं चालतं ना? मग पांढरा रस्सा. कोल्हापुरात राहून हे आधी सुचू नये याचं नवल. नारळाचं दूध, काजू, खसखस, सगळं नियमात बसणारं. मी जिंकल्याच्या सुरात हे जाहीर केलं. “अहो,” आतून शांत आवाज आला, “मटणाला हळद लावूनच शिजवते मी.” प्रकरण निकालात निघालं. चहा प्यायचाच असेल तर स्ट्रॉनं प्या, अशी सवलत होती. मी एकदा पाहिला पिऊन. जीभ भाजली आणि चहा प्यायल्याचं समाधानही नाही.

आता निकाल. दात ए दोनपर्यंत आले. पहिल्या दिवशी त्याहून उजळ होते, पण तेव्हा ते कोरडे पडलेले असतात. पाणी परत मुरलं की रंग थोडा उतरतो. मात्र माझ्या पुढच्या एका दाताला कॅप होती, स्कूटरवरून पडल्याची. सिरॅमिकवर पेरॉक्साइडचं काही चालत नाही, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. चालत नाही म्हणजे काय, ते आरशात दिसलं. बाकीचे सगळे पाऊण तासात पक्ष बदलून मोकळे झाले, आणि हा एक निष्ठावंत ए साडेतीनचा झेंडा घेऊन ऐन मध्यभागी उभा. महाराष्ट्रात असं दृश्य हल्ली दुर्मीळच, त्यामुळं भेटणाऱ्या प्रत्येकाची नजर त्याच्यावरच. उरलेले दात उजळले हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. नवी कॅप लगेच करता येत नाही; रंग स्थिर व्हायला दोन आठवडे थांबावं लागतं. तेवढे दिवस मी तोंड मिटून हसलो. भारदस्त.

नवी कॅप आता बसली आहे, चहाही सुरू झाला आहे आणि दोघांचं फार काळ पटेल असं वाटत नाही. तुमच्यापैकी कुणाला पुढच्या दाताला कॅप बसवायची असेल आणि दात पांढरे करून घ्यायचीही हौस असेल, तर आधी ब्लीचिंग करा, दोन आठवडे जाऊ द्या, मग कॅप घाला. उलट केलंत तर कॅपचे पैसे दोनदा पडतात.