नाद सुटला, नोकरी शाबूत आहे

ती. बाबा व सौ. आईस सा. न.

कुकर लावलाय, तो होईपर्यंत एवढं लिहून टाकतो. मेतकूट पोचलं. ‘नोटांचा अल्बम कुणाला तरी देऊन टाका’ एवढंच मी फोनवर म्हटलं, तर बाबांनी माझी नोकरी गेली असं ठरवून टाकलं आणि आईने वीरेश्वराला नारळ बोलला. नोकरी आहे. पोटही सुटलंय. फक्त नाद सुटला.

मेलबर्नमध्ये नोट दिसेल तर नाद टिकेल! परवा वडापाव खाल्ला. सहा डॉलर, म्हणजे साडेतीनशेच्या घरात. आई, हा आकडा बाबांना वाचून दाखवू नकोस. खिशात दहाची नोट होती, पण गल्ल्यावर पाटी: रोख घेत नाही. बरं, कार्ड काढलं, तर कार्ड वापरलं म्हणून दीड टक्का वर! पैसे देण्याचे पैसे. महाडच्या बाजारपेठेत कुणी असं केलं असतं, तर गिऱ्हाइकाने वडा परत कढईत टाकला असता. आणि नाकारलेली नोट तरी कसली? प्लास्टिकची. जगात पहिली यांनीच काढली, १९८८ साली, आणि १९९६पर्यंत सगळ्याच तशा केल्या. मळत नाही, चुरगळत नाही, भिजली तरी ढिम्म. कुणाच्या कनवटीला राहून आली, काही पत्ता लागत नाही. आपल्या गल्लीतले चाचा कुवेतहून आले की आधी मला दिनार दाखवायचे, मग घरच्यांना खजूर. आता लोक ७८६ नंबरची नोट लाखाला विकायला काढतात. तो धंदा झाला.

पण खरं कारण हे नव्हे. २०२१च्या जुलैत सावित्री-गांधारी घरात शिरल्या, तेव्हा बाबा छातीभर पाण्यातून खाली उतरले ते अल्बमसाठी. का, तर नाते गावच्या चिंतामणराव देशमुखांची सही असलेली सहाव्या जॉर्जची दहाची नोट त्यात होती. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आपल्या शेजारचे, कबूल. पण मी इथे रात्रभर फोन लावत होतो आणि लागत नव्हता. नंतर तुम्ही चिमट्यांनी दोरीवर वाळत घातलेल्या नोटांचा फोटो पाठवलात. कौतुक केलं मी तेव्हा. पण त्या नोटांकडे बघवत नाही. देऊन टाका म्हणजे पुन्हा कुणी त्यांच्यासाठी पाण्यात उतरायला नको.

बंड्याचं लग्न मोडलं ते बरंच झालं; हुंड्यात बुलेट मागणाऱ्याला सायकलही देऊ नये. पोलादपूरच्या मामांना कशेडीचा बोगदा आवडत नाही म्हणे. चाळीस वर्षं त्या घाटात ओकून झाल्यावर सवय सुटणार कशी? आणि हायवे झाला की कळवा, म्हणजे मी निवृत्त होऊनच येतो. यंदा छबिन्याला मात्र यायचं घाटतंय. हिला अजून बोललो नाही.

कुकर झाला. दोन कामं: बाबा, अल्बममधल्या बंद झालेल्या पाचशे-हजारांच्या नोटा मोजा, संग्राहकालाही पंचविसाच्या वर ठेवता येत नाहीत, दंड होतो. आणि आई, तांदळाच्या डब्यातली तुझी दोन हजारांची नोट वाण्याकडे चालवू नकोस. ती रिझर्व्ह बँकेच्या बेलापूर कचेरीत बदलून मिळते. मामा मुंबईला निघाले की त्यांच्याकडे दे, आणि मामींच्या देखत दे.

तुमचा,
राजू