कारणे दाखवा

आमच्या घराण्यात गेल्या तीन पिढ्यांत कोणी निष्कारण प्रवास केल्याची नोंद नाही. आजोबांनी खानदेशातले गाव सोडले ते दुष्काळामुळे, वडील सुरतेस आले ते मागावरच्या कामासाठी, आणि मी चलथाणात बिऱ्हाड थाटून एका कापड गिरणीच्या हिशेबखात्यात पस्तीस वर्षे काढली ती केवळ उदरभरणार्थ. मधल्या काळात ताप्ती खोऱ्याच्या रेल्वेने नंदुरबारकडे ज्या असंख्य खेपा झाल्या, त्यांपैकी प्रत्येकीच्या पाठीशी एखादे लग्न, एखादे दहावे, किंवा गेला बाजार वाटणीचा एखादा तंटा असा भक्कम पुरावा उभा होता. हिशेबखात्यात बिनव्हाउचरचा खर्च आणि आयुष्यात बिनकारणाचा प्रवास, या दोन्ही गोष्टी मी सारख्याच निषिद्ध मानीत आलो.

या व्यवस्थेला सुरुंग लागला तो आयर्लंडातून. आमची कन्या व जावई गॉलवेस राहतात. एका रविवारी तिचा फोन आला तेव्हा ती दोघे मोटारीत होती. कुठे निघालात, असे मी स्वाभाविकपणे विचारले. "कुठेच नाही, बाबा. नुसते फिरतोय," असे तिने इतक्या निर्विकारपणे सांगितले की मला प्रथम गाडीचे ब्रेक निकामी झाल्याची शंका आली.

मग तिने फोन खिडकीबाहेर धरून सारा मुलूख दाखविला. दोन्ही बाजूंस चुना-मातीवाचून नुसते दगडावर दगड रचलेले गडगे, मधून एका गाडीपुरता रस्ता, त्या रस्त्याच्याही मधोमध गवताची शेंडी राखलेली, आणि समोर महसूल खात्याच्या पथकाप्रमाणे वाट अडवून बसलेल्या मेंढ्या! आयरिश भाषेत रस्त्याला 'बोहर' म्हणतात आणि त्या शब्दाच्या पोटात 'बो', म्हणजे आपल्या 'गो'ची सख्खी मावसबहीण, बसलेली आहे. एक गाय उभी आणि एक आडवी मावली की रस्ता झाला, अशी तिथल्या जुन्या कोशकारांची व्याख्या असल्याचे जावयांनी सांगितले. अशा ग्रामीण रस्त्यांवर ताशी ८० किलोमीटरची मुभा होती, ती २०२५ च्या फेब्रुवारीत ६० वर आणली गेली. ती मुभा ज्याने प्रथम दिली त्याने तो रस्ता पाहिला होता की नाही, याविषयी मला संशय आहे. गाईने मात्र तिचा लाभ कधी घेतला नसावा.

फोन ठेवताच सौ. म्हणाली, "आपणही जाऊ." कुठे, असे विचारण्याची चूक मी दुसऱ्यांदा केली. मी महागाई, गुडघे आणि मोटारीचे वय अशी क्रमवार कैफियत मांडली. त्यावर ती म्हणाली, "ज्यांचे वडील मालवण तालुक्यातल्या वराडचे, ते लिओ वराडकर २०१७ साली तिथे पंतप्रधान होऊ शकतात, आणि तुम्हाला चलथाणहून साक्रीपर्यंत नुसते जाता येत नाही?" या युक्तिवादातले तर्कदोष दाखविण्याचे सामर्थ्य माझ्यात होते, धैर्य नव्हते.

तेव्हा एका गुरुवारी पहाटे, साखर कारखान्याच्या मळीचा चिरपरिचित दर्प नाकात साठवून, आम्ही कडोदऱ्याच्या चौकातून बारडोलीच्या दिशेस वळलो. दोन्ही बाजूंस उसाच्या भिंती होत्या. गडग्यांची उणीव त्यांनी भरून काढली. बारडोलीस चहा घेताना मी सौ.ला १९२८ चा सत्याग्रह समजावून सांगू लागलो. सरकारने शेतसारा वाढविला, वल्लभभाई पटेलांनी तो भरू नका म्हणून सांगितले, जप्तीदार गुरे नेतील म्हणून लोकांनी म्हशींसकट स्वतःला घरात कोंडून घेतले, आणि जो सरकारला सामील होईल त्याच्यावर बहिष्कार घातला. हा बहिष्कार, ज्याला साहेब 'बॉयकॉट' म्हणतो, तो शब्दही आयर्लंडच्याच शेतांत उगवलेला. तिथल्या मेयो परगण्यात कॅप्टन बॉयकॉट नावाचा जमीनदाराचा कारभारी होता, १८८० साली कुळांनी त्याचे अन्नपाणी, मजूर, टपाल सारे तोडले आणि बिचाऱ्याचे नाव कोशात कायमचे जप्त झाले. "म्हणजे म्हशी घरात किती दिवस होत्या?" सौ.ने विचारले. चौकशी समितीने वाढ अखेर ६.०३ टक्क्यांवर आणली हे मला दशांशासह पाठ होते. पण म्हशींबरोबर माजघरात राहून ज्यांनी स्वयंपाक केला त्यांच्या बाजूने इतिहास मी कधी पाहिलाच नव्हता.

व्याऱ्याच्या पुढे रस्ता मोकळा झाला आणि मला जावयांचे आणखी एक वचन आठवले. आयर्लंडच्या आडरस्त्यांवर समोरून येणाऱ्या अनोळखी माणसालाही सुकाणूचक्रावरचा हात न सोडता केवळ एक बोट उचलून अभिवादन करतात. प्रथा मोठी सुसंस्कृत वाटली. समोरून एक मालमोटार येताच मी एक बोट उचलले. चालकाने घाईघाईने मागच्या दिशेला हात करून काहीतरी खुणावले. सौ. शांतपणे म्हणाली, "मागे पंप होता, तिकडे सोय आहे, असे सांगतो आहे तो. थांबायचे का?" शाळेत आपण एक बोट कशासाठी वर करीत होतो ते मला आठवले आणि पुढील सर्व प्रवास मी अभिवादनावाचून केला.

सोनगडचा गायकवाडी किल्ला डोंगरावर पाहिला. म्हणजे खालून पाहिला. नवापूर आले तसे पाट्यांवरच्या अक्षरांनी, इतका वेळ बोडक्या डोक्याने हिंडल्यावर, पुन्हा शिरोरेषेचे पागोटे चढविले. नवापूरचे स्थानक हा १ मे १९६० चा एक विलक्षण विनोद आहे: राज्यांची वाटणी झाली ती फलाटाच्या मधून, त्यामुळे तिकीट महाराष्ट्रात काढायचे आणि स्थानकप्रमुखाकडे तक्रार न्यायची ती गुजरातेत. एक बाकही दोन राज्यांत विभागलेला आहे. त्यावर आम्ही पतिपत्नी दोन राज्यांत बसलो आणि एकमेकांशी परराष्ट्रीय सौजन्याने बोललो. हा प्रयोग घरीही करण्याजोगा आहे. सीमा ओलांडताच 'परमिट रूम'च्या पाट्या ज्या उत्साहाने स्वागतास उभ्या राहतात, तो पाहता आयर्लंडचे पानगृहप्रेम इथवर पोहोचले असे वाटावे. परंतु त्याचे श्रेय गुजरातच्या दारूबंदीकडे जाते.

कोंडाईबारीच्या घाटात एक गाय उभी होती आणि दुसरी आडवी. रस्ता व्याख्येप्रमाणे परिपूर्ण असल्याने आम्ही थांबलो.

साक्रीच्या अलीकडे माझ्या चुलतभावाचे, नानांचे, गाव लागते. दारात गाडी उभी राहिलेली पाहताच वहिनी पदर सावरीत धावत आल्या आणि कापऱ्या आवाजात म्हणाल्या, "काय व्हयनं, भाऊ? सगळं बरं शे ना?" आत नाना उठून उभे राहिले होते, शेजारची चार माणसे चेहरे पाडून ओट्यावर जमली होती, आणि एका म्हातारीने तर रडण्यासाठी डोळ्याला पदर लावूनही ठेवला होता, फक्त नाव कळायचे बाकी होते. अशा प्रसंगी "नुसते फिरायला आलो" असे सांगणे म्हणजे त्या सर्वांच्या भावनांचा अपमान झाला असता. सौ.ने माझ्याकडे पाहिले, मी सौ.कडे पाहिले, आणि माझ्या तोंडून निघून गेले, "जमीन पाहायला आलो."

ओट्यावरचे सुतक क्षणात फिटले. शेवभाजी आणि कळण्याची भाकरी पुढ्यात येईपर्यंत गावातले दोन दलाल, एक वाटणीदार आणि त्याच्यावर फिर्याद केलेला दुसरा वाटणीदार हजर झाले. पुतण्याने भ्रमणध्वनीवर तीन सातबारे उतरवून घेतले. फेरफार, पोटहिस्सा, बांधावरची आंब्याची झाडे आणि विहिरीतला चार आण्यांचा हक्क यांचा खल सुरू झाला. संध्याकाळी आम्हांस शिवारात नेण्यात आले. ज्या बाईने मला निष्कारण भटकण्याचे तत्त्वज्ञान शिकविले, तिने त्या विहिरीत वाकून पाहिले आणि उन्हाळ्यात पाणी किती असते हे तीन वेगवेगळ्या माणसांना तीनदा विचारले. दुसऱ्या दिवशी परतताना सातबाऱ्याचा छापील उतारा तिच्या पर्शीत होता.

चलथाणास पोहोचलो त्या रात्री कन्येचा फोन आला. ती दोघे पुन्हा त्याच गडग्यांमधून हिंडत होती. आमची हकिकत ऐकून ती पोट धरून हसली आणि म्हणाली, "आई, आता तुम्हीच इकडे या. गाडी आहे, रस्ते आहेत, नुसते फिरू."

सौ. म्हणाली, "येऊ की. पण त्याआधी तुम्ही काही कारण तर द्या!"

फोनवर बराच वेळ फक्त मेंढ्यांचा आवाज येत होता.