नल्याकचा राजा

डोंबिवलीच्या गर्दीत डीएम ओळखायची एक सोपी खूण आहे. गाडी स्टेशनात शिरली की बाकीचे दांडा धरतात, हा इंडिकेटर उलटा वाचतो. कसाऱ्याचा त्याने केला रासाक, कर्जतचा तर्जक. कल्याण उलटवलं की णल्याक होतं. पण 'ण'ने सुरू होणारं नाव अस्सल ब्राह्मण सभेतल्या माणसाच्याही जिभेवर बसेना, म्हणून नल्याक. त्याच्या खेळात रासाक आणि तर्जक हे दोघे मांत्रिक भाऊ. एका घरात वाढले, नल्याकच्या वेशीपर्यंत एकत्र आले आणि तिथे भांडून कायमचे फुटले. एक या घाटाकडे गेला, दुसरा त्या. भिडूंनी या भाऊबंदकीत कितीतरी रविवार घालवले, दोघांत समेट घडवायचा प्रयत्नही केला. शेवटी बदलापूरचा भिडू हातातला वडा तसाच धरून ओरडला, "अरे, म्हणजे मी जन्मापासून तर्जकच्या बाजूचा!" डीएमच्या चेहऱ्यावर त्या दिवशी जे समाधान होतं, ते त्याला अप्रेझलनंतरही कधी मिळालेलं नाही.

डीएम म्हणजे डन्जन मास्टर. जिल्हाधिकारी नव्हे, रुबाब मात्र तोच. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ अमेरिकेत 1974 साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी काढला. डीएम गोष्ट सांगतो, भिडू त्या गोष्टीतली पात्रं होतात, आणि तलवार लागली की हुकली हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. यात कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही, आणि मराठी मालिकेप्रमाणे डाव संपायचंही नाव घेत नाही. आठवडाभर आपला नायक ऐरोलीच्या ऑफिसात दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधतो. रविवारी दुपारी तीनला मात्र आईवडिलांचा हॉल त्याच्या ताब्यात येतो. बाबा पेपर घेऊन निमूट आतल्या खोलीत जातात. फासे हिंगाच्या रिकाम्या डबीतून बाहेर पडतात. ती डबी कितीही वेळा धुतली तरी फाशांचा वास गेलेला नाही, त्यामुळे या टोळीतल्या प्रत्येक वीराच्या हाताला लढाईनंतर आमटीचा वास येतो.

"हा काय पोरकटपणा लावलाय?" असं कोणी म्हटलं की तो चिडत नाही. तो वंशावळ काढतो. गायगॅक्सच्या खेळातला महान मांत्रिक टेन्सर कोण? तर त्याचाच मुलगा अर्नेस्ट. इंग्रजी स्पेलिंगमधली अक्षरं फक्त जागा बदलून बसली आहेत. ड्रॉमिज? जिम वॉर्ड नावाचा मित्र, शेवटाकडून सुरुवातीकडे वाचलेला. वेडा महामांत्रिक झॅगिग हा खुद्द गायगॅक्स, किंचित मोडतोड करून उलटा. 'स्ट्रेंजर थिंग्ज'मुळे आता घरोघरी माहीत झालेला व्हेक्नासुद्धा मुळात जॅक व्हान्स नावाचा लेखक. मंत्र एकदा म्हटला की डोक्यातून पुसला जातो, ही खेळातली कल्पना त्याच्या कथांतून उचललेली. उपकाराची फेड म्हणून त्याच्या नावाचा खलनायक झाला. गायगॅक्सच्या दुसऱ्या मुलाच्या एल्फचं नाव तर नावच नव्हतं. कागदावर 'मेल' शब्दाचा एम आणि पुढे एल्फ, एवढंच होतं. त्याचा झाला मेल्फ, आणि त्याच्या नावाचा आम्लबाण जगभरचे लोक आजही सोडतात.

ही शेवटची गोष्ट ऐकून डोंबिवलीच्या भिडूंना स्फूर्ती आली. एकाने पात्राच्या तक्त्यावर नावाच्या रकान्यात, सरकारी फॉर्मच्या सवयीने, 'लागू नाही' असं लिहिलं. डीएमने डोळा न लववता पुकारा केला : "उत्तरेचा सरदार लागूनाही दरबारात येत आहे!" पुढच्याने मुद्दाम 'वरीलप्रमाणे' लिहिलं. सरदार लागूनाही आणि त्याचा निष्ठावंत पुरोहित वरीलप्रमाणे यांनी मग बरीच राज्यं वाचवली. एका लढाईत वरीलप्रमाणे कामी आला तेव्हा हॉलमध्ये खरोखर सुतक होतं. आई वडे घेऊन आली आणि चेहरे बघून परत गेली.

जुन्या नियमपुस्तकांतल्या मंत्रांच्या सामग्रीवर तो तासभर बोलू शकतो, आणि खरं सांगायचं तर हा तास ऐकण्यासारखा असतो. विजेच्या मंत्राला लागतो केसाळ कातड्याचा तुकडा आणि काचेची कांडी. म्हणजे शाळेत घासून वीज दाखवायचे तोच प्रयोग. आगीच्या गोळ्याला वटवाघळाची विष्ठा आणि गंधक. अर्धी बंदुकीची दारूच. भिंतीतून आरपार जायला हवे चिमूटभर तीळ. अलिबाबाची गोष्ट ऐकलेल्या कोणत्याही पोराला याचं कारण सांगावं लागत नाही. आपल्या डीएमने यादीत दृष्ट उतरवायच्या मीठ-मोहऱ्यांची भर घातली आहे. फक्त त्या आणायला स्वयंपाकघरात उठून जावं लागतं, हा त्याचा नियम; आणि तिथे आई भांडी पुसायला लावते.

आजीचा या खेळाशी संबंध एकदाच आला. 1977 च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'मध्ये राक्षस आहे; तिथेही नाव राक्षसच आणि मूळ गाव भारतच सांगितलेलं. चित्रात मात्र वाघाचं तोंड, अंगात घरात घालायचा उंची कोट, हातात पाईप. हे ध्यान रामायणातून आलेलं नाही. 1974 च्या 'कोल्चॅक' या अमेरिकन टीव्ही मालिकेतल्या एका भागात राक्षस मंतरलेल्या बाणाने मरतो. तोच बाण खेळाच्या नियमात आला. आजीने चष्मा लावून चित्र नीट पाहिलं आणि विचारलं, "हा कुठल्या बँकेतून रिटायर झाला?" तेव्हापासून नल्याकमध्ये राक्षस येतो तो पेन्शनीत, आणि आधी हयातीचा दाखला मागतो.

भूगोलाच्या बाबतीतही त्याच्यामागे गुरूचा हात आहे. गायगॅक्स विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनीव्हा या लहानशा तळ्याकाठच्या गावात राहायचा, आणि सुरुवातीच्या डावात त्याने आपली ग्रेहॉक नगरी ठेवली होती शिकागोच्या जागेवर. मग ठाणे-कल्याणने काय घोडं मारलंय? डीएमच्या नकाशात खाडीकाठी एक डोंगर आहे. सावकाश जाणारे त्याला वळसा घालतात, घाईतले त्याच्या पोटातून आरपार जातात. 1916 च्या पारसिक बोगद्यातून फास्ट गाड्या वर्षानुवर्षं जायच्या, तशा. तळ्यांच्या नगरीत दरवर्षी तीन अग्निभक्षक पशू चौदा पिंजरे ओढत येतात आणि त्यांना एकवीस तोफांची सलामी मिळते. पशूंची नावं साहिब, सिंध आणि सुलतान. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून ठाण्याला आलेल्या पहिल्या गाडीची ही तीन इंजिनं आणि चौदा डबे. ठाण्याच्या भिडूने तिन्ही पशू मारले. मारून झाल्यावर त्याला कोणीतरी सांगितलं. तो दोन रविवार आला नाही.

पण डीएमची सर्वात आवडती जागा म्हणजे नल्याकचा पूल. वीर तिथे पोचतात तर पूल पाडलेला. शेजारी पाटी : काम चालू आहे. राक्षस नाही, कोडं नाही, फासा टाकायची सोय नाही. कल्याणचे भिडू हसून लोळले. त्यांच्या गावचा पत्रीपूल नोव्हेंबर 2018 मध्ये पाडला आणि नवा जानेवारी 2021 मध्ये सुरू झाला, हा काळ त्यांनी रिक्षात बसून काढला होता. ठाण्याचा भिडू गंभीरपणे विचारत राहिला, "पण मी उडायचा मंत्र का नाही वापरायचा?" त्याला समजावण्यात उरलेली दुपार गेली.

आणि इथेच या जातीच्या माणसाचं दुखणं आहे. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मधल्या शिकारी हेमेट नेसिंगवॅरीच्या नावात हेमिंग्वे दडला आहे, हे न कळताही लाखो लोकांनी त्याच्यासाठी शिकारी केल्या. खेळ रचणारे गप्प बसले. आपल्या डीएमला गप्प बसवत नाही. भिडू ओळखेपर्यंत तो दम धरत नाही. घसा खाकरतो, नाव पुन्हा सावकाश उच्चारतो, शेवटी पेन्सिलीने कागदावर उलटं लिहून दाखवतो. विनोद तिथेच मरतो. त्याच्या वहीत शंभरभर नावं वापराविना पडून आहेत, आणि त्यातली निम्मी तरी, समजावली नाहीत तर, फार चांगली आहेत.

सध्या टोळीत एका भिडूची जागा रिकामी आहे. वेळ रविवारी दुपारी तीन, डोंबिवली पूर्व. कल्याणपलीकडचा असल्यास प्राधान्य. कसारा लाइनचा मिळाला तर उत्तम, कारण रासाकच्या बाजूने लढायला अजून कोणी नाही. फासे तिथे मिळतील, वडे घरचे आहेत. फक्त फॉर्ममधला एकही रकाना रिकामा सोडू नये.