हाउसफुल्ल साब्बिओनेता

उत्तर इटलीत पो नदीच्या सपाटीवर डोळ्याला अडवणारं काही नाही. मका, कालवा, गाईंचा गोठा, पुन्हा मका. प्रवाशाला छान डुलकी लागते न लागते तोच शेतातून तटबुरूज आणि संगमरवरी वेस वर येते. हे साब्बिओनेता.

व्हेस्पासियानो गोंझागा हा स्पेनच्या राजाच्या पदरचा सरदार. आपल्या चिमुकल्या जहागिरीत रोम वसवायचं त्याने मनावर घेतलं आणि १५९१ साली मरेपर्यंत गवंड्यांना उसंत दिली नाही. राजवाडा झाला, टांकसाळ झाली, प्राचीन पुतळे मांडायला जवळजवळ शंभर मीटर लांब दालन झालं. हौसेला मोल नसतं म्हणतात; इथे मापही नव्हतं. रस्ते आखीव, पण मध्येच हटकून वळणारे. शत्रू आत घुसलाच तर त्याने भांबावून जावं, हा हेतू सांगतात. हल्ली ते काम पर्यटक इमानेइतबारे पार पाडतात.

खरी गंमत नाट्यगृहात आहे. वास्तुरचनाकार व्हिन्चेन्त्सो स्कामोत्सीने १५८८ ते १५९० मध्ये ते उभारलं. तोवर इटलीत नाटकाचा मंच बहुतेकदा कुणाच्या तरी महालात नाहीतर जुन्या इमारतीत थाटला जाई. इथे नाटकासाठी म्हणून वेगळी इमारत बांधली, नटांना स्वतंत्र दार ठेवलं. आधुनिक युरोपातला हा अगदी सुरुवातीचा नमुना. एवढं करून शेतांच्या मधोमध प्रेक्षक आणायचे कुठून? ते भिंतीवर रंगवून घेतले! वरच्या सज्जांतून नटूनथटून वाकलेली ही मंडळी अजून खाली बघताहेत. तिकीट नाही, खोकला नाही, मध्यंतरानंतर पळ काढणं नाही. कोणत्याही नाट्यनिर्मात्याने हेवा करावा. व्हेस्पासियानोला मात्र हे सुख जेमतेम वर्षभर लाभलं.

त्याच्यामागे गादीला मुलगा नव्हता. पुढे पुतळेही मांतोव्हा शहरात गेले आणि ते लांबलचक दालन रिकामं पडलं. १९७० च्या एका चित्रपटासाठी दिग्दर्शक बर्तोलुचीला काळ थबकलेलं गाव हवं होतं, तेव्हा त्याने कॅमेरा इथेच आणला. २००८ साली मांतोव्हासोबत साब्बिओनेताही युनेस्कोच्या यादीत गेलं.

दुपारी जेवायला भोपळ्याचं सारण भरलेले तोर्तेल्ली येतात. सारणात बदामी बिस्किटांचा चुरा आणि फळांची मोहरीवाली गोड-झणझणीत मोस्तार्दा, त्यामुळे हे जेवण की पक्वान्न, असा प्रश्न पाहुण्याला पडतो. त्यावर चीज किसून घ्यावं, पण नाव जपून. पोच्या या तीरावर ते ग्राना पादानो. पलीकडच्या तीरावर, याच मांतोव्हा प्रांतात, पार्मिजानो. पार्मिजानो महाग, त्यामुळे या तीरावर त्याचं कौतुक जरा हळू आवाजातच करावं.