पोरीवर पीओआर

शाळेत जाणाऱ्या मुलांच्या आईबापांना एक मोठी सोय असते. पोरगं बिघडलं की ते म्हणतात, शाळेत काही शिकवतच नाहीत. शाळा म्हणते, घरूनच वळण नाही. दोष मधल्यामध्ये कुठेतरी, बहुधा ऑटोत, राहून जातो आणि दोन्हीकडचे सुखाने जेवतात. आमच्याकडे ती सोय नाही. आमची शाळा स्वयंपाकघरात भरते. मुख्याध्यापिका मी, वर्गशिक्षिका मी, घंटा वाजवणारी मी आणि पालकसभेला हजर राहणारी एकमेव पालकही मीच. नवरा वनपाल आहे. तो तपासणीला येतो, आणि तपासणीवाले येतात तसाच, नेमका जेवायच्या वेळी.

विद्यार्थिनी एकच, वय वर्षं सहा. कागदोपत्री नाव लांबलचक आणि सुसंस्कृत आहे. घरात गुंडी म्हणतात, कारण अंगानं गोल आणि आपटली की आवाज मोठा. घरी शिकवायचं ठरलं ते काही तत्त्वज्ञान वाचून नव्हे. बालवाडी अंगवळणी पडते न पडते तोच बदलीचा हुकूम यायचा आणि बिऱ्हाड टेम्पोत चढायचं. सध्या आम्ही सिंदेवाही तालुक्यातल्या एका वनवसाहतीत आहोत. गावात जिल्हा परिषदेची शाळा आहे, चांगली आहे, पण पुढचा हुकूम कधी येईल याचा भरवसा नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात सहा ते चौदा वयाच्या मुलाला शाळेत घालणं हे आईबापाचं कर्तव्य म्हटलंय, न घातलं तर शिक्षा मात्र सांगितलेली नाही, आणि घरी शिकवणाऱ्यांचं तर नावही नाही. एनआयओएस या मुक्त शाळेची दहावी चौदाव्या वर्षी देता येते. तोपर्यंत गुंडी आणि आम्ही एकमेकांच्या ताब्यात.

शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणाला गावातले गुरुजी आले तेव्हा मोठी पंचाईत झाली. त्यांच्या कागदावर आमचं कारण बसेना.

"वीटभट्टीवर जाता का?"

"नाही."

"मुलगी लहान भावंडं सांभाळते?"

"नाही गुरुजी, आम्हीच तिला सांभाळतो. त्यातच दिवस जातो."

मी वह्या, चित्रं, मणी ओवलेली पाटी असं सगळं प्रदर्शन मांडलं. तेवढ्यात दिवाणाखालून आवाज आला, "मला कोणी काहीच शिकवत नाही. माझ्याकडून लसूण सोलून घेतात."

लसणाचं खरं होतं. त्याला कारण वर्धा. 1937 साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली, हातानं काम करत शिकायचं. आमच्या गडचिरोलीचे डॉ. अभय बंग सेवाग्रामच्या तशाच शाळेत शिकले, हे मी सासूबाईंना ऐकवलं होतं आणि त्याच जोरावर गुंडीपुढे लसूण ठेवला होता. तिनं पहिलीच कांडी सोलून विचारलं, "मजुरी किती?" वसाहतीत वनमजुरांची मुलं तिची दोस्त. हजेरी, मस्टर, अर्धी रोजी हे शब्द तिला बाराखडीच्या आधी येतात.

दुसरं उदाहरण लोक आपणहून देतात, हेमलकशाच्या डॉ. प्रकाश आमट्यांचं. "प्रकाशभाऊंनी बिबटे वाढवले, अस्वलं वाढवली, आणि तुम्हाला एक पोट्टी आवरत नाही?" बोलणाऱ्याला वाटतं, आमट्यांची मुलं जंगलात आपोआप शिकली. तसं नाही. लोकबिरादरी प्रकल्प 1973 चा, तिथली आश्रमशाळा 1976 ची, आणि दिगंत, अनिकेत तिथे माडिया पोरांच्या पंगतीत बसून शिकले. म्हणजे त्यांना शाळाही होती, वर्गमित्रही होते आणि वर बिबटे होते ते वेगळेच. माझ्याकडे यातलं काही नाही. शिवाय बिबट्या एकदा जेवला की झोपतो.

गुंडीचं वागणं बिघडतं म्हणजे नक्की काय होतं, हे सांगायला माझं माहेर उपयोगी पडतं. मी वडशाची. झाडीपट्टीच्या निम्म्या नाटक कंपन्या आमच्या शेजारात. दिवाळीनंतर शंकरपट भरले की रात्री दहाला पडदा उघडतो आणि नाटक पहाटेपर्यंत चालतं. गुंडीचा रडण्याचा प्रयोग तसाच आहे. नांदी असते, त्यात फक्त ओठ बाहेर येतो. मग पहिला अंक, लोळण. मध्ये गद्य संवाद: "मी या घरात राहणारच नाही, मी आजीबरोबर ब्रह्मपुरीला जाते." आजी समोरच बसलेली असते, पण नाटकात चालतं. मग करुण प्रसंग, आणि तेव्हा तिचा एक डोळा किलकिला होऊन प्रेक्षकांची हजेरी घेतो. मी उठून आत गेले तर रडणं थांबतं, पावलं वाजतात, आणि पुढचा अंक माझ्यासमोर येऊन सुरू होतो. तिकीट न काढता मी हे रोज पाहते.

फ्लोरेन्स गुडइनफ नावाच्या अमेरिकी बाईंनी 1931 मध्ये लहान मुलांच्या रागावर पुस्तक लिहिलं. त्यांनी आयांना डायऱ्या ठेवायला लावल्या होत्या: राग कधी आला, किती वेळ टिकला, तुम्ही काय केलंत. त्यातून एक गोष्ट वर आली, ती म्हणजे जेवणाच्या वेळेच्या जरा आधी मुलांचे झटके वाढतात. मीही डायरी ठेवली. प्रयोग बहुतेक सकाळी अकराच्या सुमाराला लागतो, म्हणजे नेमका माझ्या गणिताच्या तासाला. मी हे संशोधन सासूबाईंना मोठ्या उत्साहानं सांगितलं. त्यांनी सुपातले तांदूळ पाखडत एवढंच म्हटलं, "मी कवापासून सांगतो, पोट्टीच्या पोटात काहीतरी पाडा. त्याले का अमेरिका पाह्यजे?" आता गणिताआधी मुरमुरे असतात. प्रयोगांची संख्या घटली. गणित जिथे होतं तिथेच आहे.

मुरमुऱ्यांनी सगळं सुटत नाही. मार्च-एप्रिलात पहाटे बाया मोह वेचायला जातात, त्याच दिवसांत वाघाची भीती जास्त. वसाहतीमागे पगमार्क दिसला की नवरा फोन करून सांगतो, पोरीला अंगणात सोडू नको. मग मे येतो, पारा पंचेचाळीसच्या वर, आणि तेंदूपत्त्याच्या हंगामात नवरा फिरतीवर. घरशिक्षणाची सगळी पुस्तकं म्हणतात, मूल चिडचिडं झालं की त्याला निसर्गात मोकळं सोडा. त्या लेखकांच्या निसर्गात खारी आणि फुलपाखरं असावीत. आमच्या निसर्गाला पट्टे आहेत. तेव्हा सकाळी दहा ते संध्याकाळी सहा एक पोर, एक आजी, एक आई आणि एक कूलर, एवढ्यांनी एका खोलीत राहायचं असतं.

त्या खोलीतच तो गुन्हा घडला. सकाळी मी विज्ञान घेतलं होतं, पाण्यात काय विरघळतं, काय नाही. मीठ झालं, साखर झाली, वाळू झाली. दुपारी माझा डोळा लागल्यावर गुंडीनं अभ्यासक्रम पुढे नेला. जवसाच्या चटणीची बरणी उचलली आणि कूलरच्या टाकीत उपडी केली. जवस विरघळत नाही, हे सिद्ध झालं. पण तिखट पंपातून वर चढलं, ताट्यांवर पसरलं आणि वाऱ्याबरोबर खोलीभर आलं. मी शिंकत उठले, सासूबाई ठसकत उठल्या. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि गुंडी कोपऱ्यात पाटी घेऊन बसलेली. पाटीवर फुली मारली होती. निष्कर्ष.

आता हिला रागवायचं की मार्क द्यायचे? शाळेत हा प्रश्न नसतो. तिथे प्रयोगशाळा वेगळी आणि खोड्या वेगळ्या. आमच्याकडे दोन्हींना एकच भिंत आहे, तीही गेरूनं रंगवलेली.

रात्री वनपाल आले. त्यांच्या खात्यात गुन्हा घडला की पीओआर फाडतात, म्हणजे आरोपीचं नाव, ठिकाण, जप्त माल असा पहिला अहवाल. त्यांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे रीतसर लिहिलं. आरोपी: गुंडी. ठिकाण: कूलर. जप्त माल: बरणी, रिकामी. साक्षीदार: आजी, शिंकांमुळे जबाब अपूर्ण. खाली आरोपीचा अंगठा घेतला. गुंडी इतकी प्रसन्न झाली की रडायचं विसरली.

दुसऱ्या दिवशी फ्रिजवर एक कागद चिकटवलेला दिसला. जी मुलगी आठवडेच्या आठवडे एक ओळ लिहायला तयार नव्हती, तिनं कोणी न सांगता लिहिलं होतं: "आरोपी बाबा. जेवतांना मोबाईल बगतो. जपत." मोबाईल संध्याकाळी तांदळाच्या कोठीत सापडला. वनपालांनी तडजोडीचा दंड भरला, दोन पेप्सीकोले.

तेव्हापासून घरात कायद्याचं राज्य आहे. मीही सुटलेली नाही. एकदा मी आवाज चढवला तर गुंडी गंभीरपणे म्हणाली, "मला टीचरशी बोलायचं नाही. आईला बोलाव." मी आत गेले, पदर खोचला, बाहेर आले. तिनं तक्रार सांगितली, "ती टीचर लय ओरडते."

"मग काय करू?"

"तिची बदली कर."

"कुठे?"

"भामरागडला."

ज्या घरात बदलीवर बोलणी होतात तिथे मुलांचा भूगोल पक्का होतो.

माँटेसरीबाईंचा शांततेचा खेळही करून पाहिला. सगळ्यांनी गप्प बसायचं, घरातले बारीक आवाज ऐकायचे. ताराबाई मोडकांनी बालशिक्षण मराठीत रुजवल्यापासून बालवाड्यांत तो चालत आलाय. गुंडीला तो फार आवडला. ती दुपारपासून रात्रीच्या जेवणापर्यंत बोललीच नाही. नवरा घाबरून म्हणाला, "हिला ताप आहे का?" सासूबाईंनी मात्र हा खेळ रोज घ्या म्हणून सुचवलं.

मग एके दिवशी गुंडी घरातून नाहीशी झाली. वसाहतीतल्या पोरांच्या मागे शाळेत गेली होती, खिचडीसाठी. मी धावत पोचले तेव्हा ती रांगेत ताटली धरून उभी होती. पुढच्या पोराला ढकललं नाही, आपली पाळी आली तेव्हा "थोडीच द्या" म्हणाली, आणि खाऊन झाल्यावर ताटली स्वतः घासली. घरी हीच मुलगी पाण्याचा पेला उचलायला वकील मागते. म्हणजे वळण होतं तर, फक्त ते बाहेर नेसायचं लुगडं होतं. गुरुजींनी तिला बसू दिलं. आता खिचडीच्या वेळी ती तिथेच असते. सासूबाईंना अर्धा विजय मिळाल्यासारखा वाटतो आणि उरलेल्या अर्ध्याचा त्या पाठपुरावा करताहेत: "साळंत टाका वो बाई, तिचंबी डोकं थंड, अन् आपलंबी."

परवा गुरुजी घरी आले. म्हणाले, "मॅडम, एवढी शांत, समजूतदार पोरगी आमच्या अख्ख्या शाळेत नाही. माता-पालक सभेत तुम्ही बोला. मुलांचा हट्ट कसा हाताळावा, या विषयावर."

दिवाणाखाली त्या वेळी एक पीओआर लिहिला जात होता, माझ्यावर.

मी होकार दिला. फक्त एक अट घातली, सभा खिचडीनंतर ठेवा.