प्रोसेसमध्ये आहे म्हणे!

अहो वहिनी, ती दोडक्याची वेल जरा बाजूला सारा, तुमचं तोंडच दिसंना मला. हां. आता ऐका कालची तऱ्हा.

परत गेलो होतो त्या ऑफिसात, यांच्या कानाच्या पेन्शनीचं काय झालं ते विचारायला. कुठलं ऑफिस ते नाही हो सांगत, भिंतीला कान असतात. आमच्या यांना नसले म्हणून काय झालं!

हसा, हसा. आत पेपर वाचतायत, काही ऐकू जात नाही. तोफखान्यात चोवीस वर्षं काढली त्या माणसानं, उगाच का?

तर ती खिडकी. काचेला खाली एवढंसं भोक, नि पलीकडचा माणूस गुटखा धरून, ओठ न हलवता बोलणारा. यांनी दोनदा ‘काय?’ विचारलं तर त्यालाच राग! मग हे वाकले आणि डावा कान, त्यातल्या त्यात बरा तो, थेट भोकालाच लावला. तो दचकून खुर्चीसकट मागं. म्हणतो, ‘ओ काका, हे काय करताय?’ म्हटलं, ऐकतायत! अर्ज त्याचाच केलाय आम्ही, वाचा की जरा.

वाचतोय कुठला. एका बोटानं नंबर टाकला, स्क्रीन आमच्याकडं वळवलीसुद्धा नाही. ‘प्रोसेसमध्ये आहे.’ कुठं? ‘वर पाठवलंय.’ वर म्हणजे रेकॉर्ड ऑफिसला, का प्रयागराजला? ‘वर.’ नि बोट छताकडं. तिथं पंखा होता, तोही बंद. वर आणखी ऐकवलं, ‘मेजर तर चांगले धडधाकट दिसतायत.’ कान गेलेला माणूस काय लंगडत येणार होता?

नाही हो, नेहमीची पेन्शन येते. ‘स्पर्श’मधून वेळेवर जमा होते, खोटं कशाला बोलू. ही वेगळी. घरी सोडताना मेडिकल बोर्ड होतं ना, त्यांनी कान वीस टक्के गेला म्हणून लिहिलं. वीसच्या खाली असतं तर विषयच संपला होता. पण वीस देऊन खाली शेरा मारला की हे नोकरीमुळं झालेलं नाही आणि नोकरीनं वाढलेलंही नाही. आता तुम्हीच सांगा, चोवीस वर्षं तोफेशेजारी उभा राहिलेल्या माणसाचे कान कशानं गेले? माझ्या बोलण्यानं?

बरं, विसाचे पन्नास धरतात. २०१४ साली राम अवतारच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की मुदत पुरी करून आलेल्यालाही तोच हिशोब लावा. शंभर टक्क्यांना शेवटच्या पगाराचे तीस टक्के, मग पन्नासला पंधरा. आणि त्याच्या आदल्याच वर्षी धरमवीर सिंगचा निकाल लागला होता. भरतीच्या वेळी जवान ठणठणीत होता, कागदावर दुखण्याची नोंद नव्हती, तर ते नोकरीतलंच धरायचं. नाही म्हणायचं असेल तर कारण दाखवायचं. २०२३ला नियम बदलले म्हणतात, पण आमचे हे त्याआधीच काळी ट्रंक घेऊन घरी आलेत. मला कुठनं कळणार हे सगळं? यांच्या जोडीदाराची बायको अपशिंग्याची. तिथं घरटी फौजी, बायकांना कायदा तोंडपाठ.

तिनंच मला खरी गोम सांगितली. ‘नाही’ म्हणाले तर बरं असतं गं, म्हणाली. नाकारल्याचं पत्र आलं की पहिलं अपील, मग दुसरं, तेही फेटाळलं तर मुंबईला सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचं खंडपीठ बसतं. पण ‘चालू आहे’वर अपील कुठं करायचं? म्हणून मी काल घरूनच अर्ज लिहून नेला होता, काय ती स्थिती लेखी द्या म्हणून. घेतला, पण पोच देईना. शिक्का साहेबांच्या कपाटात आणि साहेब ट्रेनिंगला! म्हटलं, बसते. बाकावर बसले डबा उघडून.

तेवढ्यात एक आजी आल्या. प्लास्टिकच्या पिशवीत कागद, सगळे घामानं चिकटलेले. नवरा वारला, फॅमिली पेन्शन लागेना. हा बाबा लगेच म्हणतो, ‘प्रोसेसमध्ये आहे.’ वहिनी, त्यानं नंबर टाकलाच नव्हता! मी डोळ्यांनी बघत होते, हात कीबोर्डवर गेलाच नाही. मग मात्र माझं डोकं फिरलं. म्हटलं, दादा, आधी आजींचा नंबर टाका, मग बोला. अख्खी रांग बघायला लागली. टाकला बिचाऱ्यानं. तर निघालं काय? आधारवर एक नाव, नवऱ्याच्या कागदात माहेरचं. एवढ्यावर अडलेलं! नाव जुळवायचा अर्ज करा म्हणून कुणी सांगितलंच नव्हतं त्या बाईला.

मग शिक्का मिळाला बरं का. कपाटात नव्हताच. त्याच्याच ड्रॉवरमध्ये, टाचण्यांच्या डबीशेजारी.

सगळेच तसले नसतात म्हणा. मागच्या टेबलावरची पोरगी बाहेर नळाशी भेटली, हळूच म्हणाली, ‘काकी, माहितीच्या अधिकारात बोर्डाचे सगळे कागद मागवा. दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लागते, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं.’ तुमच्या बंड्याला पाठवा संध्याकाळी, त्याचं अक्षर चांगलंय. नि मसुदा मी सांगते.

आणि खरी बातमी तर राहिलीच! तो खिडकीतला कोण, माहितंय का? आपल्या गिरणीवाल्यांची धाकटी नाही का, तिचा नवरा! तरी म्हणत होते, चेहरा कुठंतरी पाहिलाय. लग्नात मीच ओवाळलं होतं त्याला. आता अधिक महिन्यात धोंडे खायला येणार आहे जावई, आणि पुरण वाटायला बोलावलंय कुणाला? मला!

छे हो, ओळख नाही काढणार. वशिल्यानं कशाला, हक्काचं आहे ते. पण तो ‘मावशी, तूप’ म्हणाला की मी छताकडं बोट करणार. वर पाठवलंय म्हणावं.

बरं, मग वाढीन की. गल्लीचा जावई आहे, उपाशी थोडाच उठवणार? तुमच्या सासऱ्यांच्या सातबाऱ्याचंही विचारायचं म्हणता? अहो, ते दुसरं खातं. तिथला कारकून कुणाचा जावई आहे, ते आधी काढा शोधून.